पांढरपेशी गुन्हेगारी व बचावाची वकिली

पांढरपेशी गुन्हेगारी व बचावाची वकिली : प्रतिष्ठित व वरच्या सामाजिक दर्जाच्या व्यक्तीने आपल्या व्यवसायाच्या ओघात, त्या व्यवसायामुळे मिळालेल्या विश्वासाचा वा अधिकाराचा गैरवापर करून केलेल्या गुन्ह्यांस पांढरपेशी गुन्हेगारी असे म्हणतात. अपहार, फौजदारी स्वरूपाचा न्यासभंग, फसवणूक, खोटे हिशेब, लाचलुचपत, करचुकवेगिरी, भागबाजारातील लबाडी, बँकांची फसवणूक आणि मनी लाँडरिंग हे तिचे प्रमुख प्रकार होत. अशा खटल्यांत आरोपीची बाजू मांडणाऱ्या वकिलास फौजदारी कायद्याबरोबरच करार, कंपनी, बँकव्यवहार व हिशेबतपासणी यांविषयीचे कायदे जाणावे लागतात. कारण ज्या व्यवहारावरून खटला उभा राहतो, त्याच व्यवहारावरून बहुधा दिवाणी दावेही दाखल झालेले असतात. फौजदारी बचाव व दिवाणी दावे ही दोन्ही कामे एकाच वकिलाने वा वकिलांच्या एकाच संस्थेने चालविण्याची पद्धत यातूनच रूढ झाली आहे.

ही संज्ञा एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने रूढ केली. अमेरिकन समाजशास्त्र संस्थेच्या १९३९ च्या फिलाडेल्फिया येथील अधिवेशनात अध्यक्षीय भाषण करताना त्याने गुन्हेगारीचे मूळ दारिद्र्यात शोधणाऱ्या तत्कालीन उपपत्तींवर आक्षेप घेतला. न्यायालयात ज्यांना शिक्षा होतात त्यांचाच अभ्यास केला, तर गुन्हेगार गरीबच दिसणार, असे त्याचे म्हणणे होते. त्याचा या विषयावरील ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७० मोठ्या कंपन्यांविरुद्ध निरनिराळ्या न्यायालयांनी व मंडळांनी दिलेले ९८० प्रतिकूल निर्णय त्याने तपासले होते. अब्रुनुकसानीच्या दाव्याच्या धास्तीने प्रकाशकाने कंपन्यांची नावे गाळावयास लावली; नावांसह संपूर्ण आवृत्ती निघाली ती १९८३ मध्ये, म्हणजे सदरलँडच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. वकिलाच्या दृष्टीने या ग्रंथातील महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्या ९८० निर्णयांपैकी बहुसंख्य निर्णय फौजदारी न्यायालयांचे नव्हते. ते दिवाणी न्यायालयांचे आणि प्रशासकीय मंडळांचे होते. सदरलँडने ते सर्व ‘गुन्हे’ म्हणून मोजले. पॉल टॅपन या कायदेपंडित समाजशास्त्रज्ञाने १९४७ मध्येच या विचारसरणीवर टीका केली होती : रीतसर खटला चालून दोष शाबीत झाल्याशिवाय कोणासही गुन्हेगार म्हणता येणार नाही, हा त्याचा मुद्दा. हा वाद केवळ शब्दांचा नाही. एखादे वर्तन अनिष्ट आहे, करारभंगाचे आहे, नियमबाह्य आहे, की गुन्हा आहे, या चार पायऱ्यांमधील अंतर कायम राखणे हेच बचावाच्या वकिलाचे प्रमुख काम होय.

भारतीय पार्श्वभूमी : १८६० च्या भारतीय दंड संहितेत न्यासभंग (कलम ४०५ ते ४०९), फसवणूक (कलम ४१५ ते ४२०) व बनावट दस्तऐवज यांविषयीची कलमे होती, हिशेबात खोट्या नोंदी करण्याविषयीचे कलम ४७७-अ १८९५ मध्ये जोडण्यात आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलात आली आणि न्यासभंग व फसवणूक यांची कलमे तीत अनुक्रमे ३१६ व ३१८ झाली. गुन्ह्यांचे घटक मात्र बव्हंशी पूर्वीचेच राहिले. स्वातंत्र्योत्तर काळात नियंत्रित अर्थव्यवस्था, परवाने व सार्वजनिक वित्तसंस्था यांबरोबर या गुन्ह्यांचे स्वरूप पालटले. संथानम समितीने १९६४ च्या आपल्या अहवालात सामाजिक व आर्थिक गुन्ह्यांचा स्वतंत्र विचार केला. विधि आयोगाने १९६६ च्या २९ व्या व १९७२ च्या ४७ व्या अहवालांत हाच विषय हाताळला. त्यांपैकी पहिल्यात, असे सर्व गुन्हे दंड संहितेत घालण्याची सूचना आयोगाने स्वीकारली नाही. परिणामी हे गुन्हे अनेक विशेष अधिनियमांत विखुरलेले राहिले. प्रत्येक अधिनियमाची तपासयंत्रणा निराळी, जामिनाचे निकष निराळे आणि पुरावा सादर करण्याचे नियमही काही अंशी निराळे, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली. या शाखेत विशेषज्ञ वकिलांची गरज भासू लागली, तिचे हे एक व्यावहारिक कारण आहे.

मुंबई हे या वकिलीचे भारतातील स्वाभाविक केंद्र ठरले. भागबाजार, बँकांची मुख्य कार्यालये आणि उच्च न्यायालय ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटर प्रकरण तयार करी व बॅरिस्टर वा अधिवक्ता ते न्यायालयात मांडी, अशी दुहेरी पद्धत दीर्घकाळ होती. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने देशात अधिवक्त्यांचा एकच वर्ग निर्माण केला आणि त्या अधिनियमाच्या १९७६ च्या दुरुस्तीनंतर या सक्तीच्या द्विभाजनाचा शेवट झाला. तथापि कागदपत्रांची छाननी एका हाताने आणि युक्तिवाद दुसऱ्या हाताने करण्याची सवय टिकून राहिली. आर्थिक गुन्ह्यांच्या प्रकरणांत हजारो पृष्ठांचे दोषारोपपत्र येते. तेथे ही सवय उपयोगी पडते.

१९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सु. सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. फिरोझ गांधी यांनी लोकसभेत हा प्रश्न उपस्थित केला. न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्या एकसदस्य आयोगाने १९५८ च्या आरंभी मुंबईत उघड चौकशी केली आणि ती २४ दिवसांत संपविली. गर्दी एवढी होई, की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. ही चौकशी होती, खटला नव्हे. आणि पुढे आर्थिक घोटाळ्यांत वारंवार दिसून आलेली एक अडचण येथे प्रथमच ठळकपणे जाणवली. चौकशीत साक्ष देणारी व्यक्ती उद्या आरोपी होऊ शकते. उघड चौकशीत लोकमत तयार होते, त्याला पुराव्याचे नियम लागू होत नाहीत.

भारत इन्शुअरन्स कंपनीच्या निधीचा अपहार केल्याबद्दल रामकृष्ण दालमिया यांच्यावर चाललेला खटला १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. बँकेच्या खात्यातील रक्कम ही हातात धरता येण्याजोगी वस्तू नाही. मग तिचा न्यासभंग कसा होईल, हा बचावाचा एक मुद्दा होता. न्यासभंगाच्या कलमातील ‘मालमत्ता’ हा शब्द केवळ जंगम वस्तूंपुरता मर्यादित नाही, असे सांगून न्यायालयाने तो फेटाळला. आजचे बहुतेक सर्व बँक-घोटाळ्यांचे खटले या अन्वयार्थावर उभे आहेत.

करारभंग आणि फसवणूक : घेतलेले कर्ज फेडले नाही, कबूल केलेला माल पाठविला नाही, सदनिकेचा ताबा दिला नाही, या गोष्टी स्वतःहून गुन्हा होत नाहीत. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी वचन देतानाच ते न पाळण्याचा अप्रामाणिक हेतू असावा लागतो. वचन प्रामाणिकपणे दिले आणि नंतर पाळता आले नाही, तर तो दिवाणी करारभंग होय. सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व अनेकदा, विशेषतः २००० मधील हृदयरंजन प्रसाद वर्मा प्रकरणात, स्पष्ट केले. हेतू मनात असतो. तो सिद्ध करावयाचा तो आधीच्या व नंतरच्या वर्तनावरून. वचन दिले त्या दिवशी कंपनीच्या खात्यात किती शिल्लक होती, आलेली रक्कम त्याच आठवड्यात कोठे वळविली गेली, आधीच्या ग्राहकांचे काय झाले, हे प्रश्न तेथे निर्णायक ठरतात. चांगला बचाव पुष्कळदा कायद्याच्या पुस्तकापेक्षा खातेवहीत सापडतो, असे म्हणावयास हरकत नाही.

पैसे वसूल होत नाहीत म्हणून पोलिसांत जाण्याची प्रवृत्ती व्यापारी वर्गात बळावली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये इंडियन ऑइल महामंडळाच्या एका प्रकरणात नमूद केले. दिवाणी दाव्यास लागणारा विलंब हे तिचे उघड कारण आहे. अटकेची भीती घालून तडजोड घडविणे हे दहा वर्षे दावा लढविण्यापेक्षा सोपे वाटते. त्याच निकालात न्यायालयाने दुसरी बाजूही सांगितली : एकाच व्यवहारातून दिवाणी व फौजदारी अशी दोन्ही प्रकारची दायित्वे निर्माण होऊ शकतात, दिवाणी उपाय उपलब्ध आहे एवढ्यावरून फौजदारी तक्रार रद्द होत नाही. १९९२ च्या भजनलाल निकालाने गुन्हा रद्द करण्याची जी प्रमाणके घालून दिली, त्यांच्या आधारे उच्च न्यायालयात अर्ज करणे ही बचावाच्या वकिलाची बहुधा पहिली मोठी चाल असते. १ एप्रिल १९८९ पासून धनादेश न वटणे हाही गुन्हा ठरला. स्वरूपाने हा वसुलीचाच मार्ग असून तो फौजदारी न्यायालयातून जातो. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांवरील कामाचा मोठा भार या एका तरतुदीने वाढविला.

समांतर कारवाया : एकाच घटनेतून किती कारवाया उद्‌भवतात, याचे सत्यम काँप्यूटर हे उत्तम उदाहरण आहे. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीच्या अध्यक्षांनी पत्राद्वारे हिशेब फुगविल्याची कबुली दिली. त्यानंतर फौजदारी तपास, सेबीची कारवाई, कंपनी कायद्याखालील कारवाई, हिशेबतपासनिसांवरील शिस्तभंगाची कारवाई आणि अमेरिकेत भागधारकांचा सामूहिक दावा हे सर्व समांतर चालले. अमेरिकेतील दावा कंपनीने २०११ मध्ये साडेबारा कोटी डॉलर देऊन मिटविला. हैदराबादच्या विशेष न्यायालयाने दहा आरोपींना दोषी ठरविले ते एप्रिल २०१५ मध्ये. भारतीय भागधारकांस त्या वेळी अशा सामूहिक दाव्याची सोय नव्हती. ती २०१३ च्या कंपनी अधिनियमाच्या कलम २४५ ने तत्त्वतः झाली.

अशा परिस्थितीत वकिलासमोरील सर्वांत कठीण प्रश्न असतो तो मौनाचा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. १९७८ च्या नंदिनी सत्पथी प्रकरणात पोलिसांच्या प्रश्नांपुरतेही हे संरक्षण मान्य झाले. परंतु दिवाणी दाव्यात हे मौन महागात पडते. पक्षकार साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला नाही, तर त्याचे म्हणणे खरे नाही असे अनुमान काढता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये विद्याधर विरुद्ध माणिकराव या प्रकरणात म्हटले आहे. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयानेही १९७६ मध्ये, फौजदारी नसलेल्या कारवाईत मौनावरून प्रतिकूल अनुमान काढण्यास घटनेची आडकाठी नाही, असा निर्णय दिला. म्हणजे दिवाणी कैफियतीत सविस्तर उत्तर दिले, तर अभियोग पक्षाला बचाव आयता कळतो आणि शपथेवरचे प्रत्येक वाक्य पुढे उलटतपासणीत समोर येते. उत्तर दिले नाही, तर दावा हातचा जातो. यातून मार्ग काढण्यासाठी फौजदारी खटल्याचा निकाल लागेपर्यंत दावा स्थगित ठेवण्याचा अर्ज करण्यात येतो. १९५४ च्या एम. एस. शरीफ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की साधारणतः फौजदारी खटल्यास अग्रक्रम द्यावा, पण ठाम नियम घालता येणार नाही. दोन न्यायालयांचे निकाल परस्परविरोधी होतील ही भीती गौण असून आरोपीची कुचंबणा होण्याचा संभव हाच विचारात घ्यावयाचा मुद्दा होय. कैफियतीचा मसुदा फौजदारी वकिलाच्या नजरेखालून गेल्याशिवाय दाखल करू नये, ही व्यवहारातील दक्षता या अडचणीतून आली आहे. ती पाळली न गेल्याने झालेले नुकसान बहुधा भरून निघत नाही.

एका न्यायासनापुढील यश दुसऱ्यापुढे किती उपयोगी पडते? दिवाणी न्यायालयाचा निकाल फौजदारी न्यायालयावर साधारणपणे बंधनकारक नसतो. सिद्धतेचे मान निराळे असते. दावा संभाव्यतेच्या तराजूवर तोलला जातो, तर खटल्यात वाजवी संशयापलीकडे सिद्धता लागते. मात्र परकीय चलनविषयक एका प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचे सूत्र मांडले : अभिनिर्णय अधिकाऱ्यासमोर, म्हणजे सिद्धतेचे मान सौम्य असताना, आरोप गुणावगुणांवर खोटा ठरला असेल, तर त्याच आरोपावर खटला चालू ठेवणे हा प्रक्रियेचा दुरुपयोग होय. केवळ तांत्रिक कारणाने सुटका झाली असल्यास हे लागू होत नाही. त्यामुळे वरवर दुय्यम वाटणाऱ्या दंडात्मक कारवाईत आरोपाच्या मुळाशी जाऊन निर्णय मिळविणे, हा बचावाच्या आखणीचा भाग बनला.

तपासाचा काळ : सामान्य फौजदारी खटल्यात वकिलाचे खरे काम न्यायालयात सुरू होते, आर्थिक प्रकरणात ते पहिले समन्स आले त्या दिवशी सुरू होते. पोलिसांपुढील कबुलीजबाब पुराव्यात येत नाही. पण सीमाशुल्क अधिकारी पोलिस नव्हेत, म्हणून त्यांच्यापुढील जबाब ग्राह्य, असे न्यायालयाने १९६० च्या दशकातच ठरविले. मनी लाँडरिंग प्रतिबंधक अधिनियमाखालील (२००२) सक्तवसुली संचालनालयाच्या अधिकाऱ्यांबाबतही २०२२ मध्ये विजय मदनलाल चौधरी प्रकरणात हाच निष्कर्ष काढण्यात आला. अमली पदार्थविषयक कायद्याखालील अधिकाऱ्यांना मात्र २०२० मध्ये पोलिस मानण्यात आले होते; दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हे सहज उमगणारे नाही. जबाब देताना वकील जवळ असावा, ही मागणी १९९२ मध्ये सीमाशुल्काच्या प्रकरणात फेटाळली गेली. पुढे काही प्रकरणांत दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर वकिलाने बसावे, असा मधला मार्ग न्यायालयांनी काढला.

जामिनाबाबत दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. टू-जी प्रकरणातील आरोपींना नोव्हेंबर २०११ मध्ये जामीन देताना, आरोप गंभीर असला तरी खटल्यापूर्वीची कोठडी ही शिक्षा होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. दीड वर्षातच, २०१३ मध्ये, दुसऱ्या एका प्रकरणात आर्थिक गुन्हे हा वेगळाच वर्ग असून त्यांकडे जामिनाच्या दृष्टीने निराळ्या नजरेने पाहावे, असे मत त्याच न्यायालयाने व्यक्त केले. मनी लाँडरिंगच्या कायद्यातील कलम ४५ नुसार, आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण असल्याबद्दल न्यायालयाची खात्री पटावी लागते. ही अट २०१७ मध्ये घटनाबाह्य ठरली, २०१८ मध्ये दुरुस्तीने पुन्हा आणली गेली आणि २०२२ मध्ये वैध ठरली. पुरावा अद्याप तपासला गेलेला नसताना निर्दोषत्वाविषयी खात्री पटविण्याचा भार आरोपीवर टाकणे हे फौजदारी न्यायाच्या रूढ कल्पनेशी विसंगत आहे, हा आक्षेप वकीलवर्गाने सातत्याने घेतला व तो वजनदार आहे. २०२३ मध्ये अटकेची कारणे लेखी देणे आवश्यक ठरले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दीर्घ कोठडी व खटल्यास होणारा विलंब यांच्या आधारे कलम ४५ ची कठोरता काहीशी सौम्य झाली.

उलट बाजूस ठेवीदार असतो. पतपेढी बुडाल्यावर निवृत्तिवेतनाची पुंजी गमावलेल्या माणसास आरोपीच्या जामिनाचे तत्त्वज्ञान पटवून देणे अवघड आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्ये ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणासाठी खास अधिनियम केला. त्यात वित्तीय संस्थेची व तिच्या चालकांची मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत ती विकून ठेवीदारांत वाटून देण्याची तरतूद आहे. कायदा फौजदारी, उपाय दिवाणी, असे हे मिश्रण आहे आणि त्यामुळे त्याखालील काम करणारा वकील कधी आरोपीचा, तर कधी ठेवीदारांच्या संघाचा असतो.

विशेष न्यायालये : १९९२ मध्ये हर्षद मेहता व इतर दलालांचा रोखे-घोटाळा उघडकीस आल्यावर संसदेने रोख्यांच्या व्यवहारांतील गुन्ह्यांसाठी विशेष न्यायालयाचा अधिनियम केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या विद्यमान न्यायाधीशाचे हे न्यायालय असून त्यावरील अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जाते. अधिसूचित व्यक्तींची सर्व मालमत्ता अधिसूचनेबरोबर आपोआप जप्त होई व ती अभिरक्षकाच्या ताब्यात जाई. १९९४ मध्ये दिवाणी दाव्यांचा अधिकारही याच न्यायालयास मिळाला. एकाच न्यायासनापुढे तोच वकील सकाळी दोषारोपावर युक्तिवाद करी व दुपारी कराची देणी आधी की बँकांची, या प्रश्नावर बोले. मारुती उद्योगाच्या निधीसंबंधीच्या खटल्यात विशेष न्यायालयाने १९९९ मध्ये मेहता व इतरांना दोषी ठरविले; मेहता ३१ डिसेंबर २००१ रोजी कोठडीत असताना मरण पावले आणि इतरांच्या अपिलांवर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दोन विरुद्ध एक अशा बहुमताने लागला. त्याच कागदपत्रांवरून एका न्यायमूर्तींना गुन्हा सिद्ध झालेला दिसला नाही, हे या क्षेत्रातील पुराव्याच्या निसरडेपणाचे द्योतक आहे.

बॅ. अ. र. अंतुले यांच्याविरुद्धचे प्रकरण याहून वेगळे. सिमेंट-वाटपासंबंधीच्या रिट अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने प्रतिकूल निष्कर्ष काढल्यानंतर जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. पुढील फौजदारी खटला जलद चालावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे सोपविला. त्यामुळे आरोपीचा अपिलाचा एक टप्पा नाहीसा झाला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने आपल्याच न्यायालयाची ही चूक मान्य केली व ती दुरुस्त केली. आरोपीविषयी जनमत कितीही तीव्र असो, त्याच्यापुरती वेगळी प्रक्रिया निर्माण करता येत नाही, हे तत्त्व बचावाच्या वकिलांनी येथे प्रस्थापित करून घेतले.

पुराव्याची हाताळणी : या खटल्यांत प्रत्यक्षदर्शी साक्षीदार क्वचितच असतो. बँकांच्या वह्यांचे प्रमाणित उतारे १८९१ च्या अधिनियमामुळे ग्राह्य ठरतात. संगणकातील नोंदींसाठी प्रमाणपत्र आवश्यक असते. २०१४ च्या एका निकालाने ते अनिवार्य ठरविले आणि जालन्याच्या निवडणूकविषयक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० मध्ये त्याचे स्पष्टीकरण झाले. प्रमाणपत्र नसल्याने अभियोग पक्षाचा महत्त्वाचा दस्तऐवज गळून पडणे हे अपवादात्मक नाही. न्यायवैद्यक हिशेबतपासनिसाची उलटतपासणी मात्र निराळ्या तयारीची असते : त्याने कोणती खाती पाहिली यापेक्षा कोणती पाहिली नाहीत, हे विचारावयाचे असते.

कंपनी आणि तिचे संचालक यांचे हित एकच असते असे नाही. केवळ कारावासाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यातही कंपनीवर खटला भरता येतो व तिला दंड करता येतो, असे २००५ मध्ये तीन विरुद्ध दोन बहुमताने ठरले. संचालकाचा हेतू कंपनीचा मानता येतो. परंतु कंपनीच्या कृत्यासाठी संचालकास आपोआप आरोपी करता येत नाही, हे २०१५ मध्ये स्पष्ट झाले. साहजिकच कंपनी सर्व दोष अधिकाऱ्यावर टाकू पाहते आणि अधिकारी ‘वरून आदेश होता’ असे म्हणतो. दोघांचे वकीलपत्र एकाने घेणे तेथे अनुचित होय. अमेरिकेत १९८१ च्या अपजॉन निकालानंतर कंपनीचा वकील कर्मचाऱ्यास प्रश्न विचारण्यापूर्वी, आपण कंपनीचे वकील आहोत, तुमचे नव्हे, अशी स्पष्ट सूचना देऊ लागला. आर्थर अँडरसन या हिशेबतपासनीस संस्थेस एन्‍रॉन प्रकरणी २००२ मध्ये दोषी ठरविण्यात आले. २००५ मध्ये अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने फिरविला, पण तोवर संस्था व्यवहारतः संपली होती.

अमेरिकेत या वकिलीस आधुनिक रूप देणाऱ्यांत एडवर्ड बेनेट विल्यम्स (१९२०–८८) याचे स्थान अग्रगण्य आहे. हार्टफर्ड येथे सामान्य कुटुंबात जन्मलेल्या विल्यम्सने जॉर्जटाउन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. १९५४ मध्ये सेनेटर मॅकार्थी, १९५७ मध्ये कामगार पुढारी जिमी हॉफा आणि १९७५ मध्ये लाचेच्या आरोपावरून माजी अर्थमंत्री जॉन कॉनली हे त्याचे पक्षकार होते. हॉफा व कॉनली निर्दोष सुटले. कॉनली खटल्यात सरकारची सर्व भिस्त एका माफीच्या साक्षीदारावर होती आणि विल्यम्सने उलटतपासणीत त्याचीच विश्वासार्हता ढासळविली. भिंतीत खिळ्यासारखे श्रवणयंत्र घुसवून मिळविलेला पुरावा १९६१ मध्ये सिल्व्हरमन प्रकरणात त्याने अग्राह्य ठरवून घेतला. तोच वकील वॉशिंग्टन पोस्टचा सल्लागार होता आणि वॉटरगेट प्रकरणी १९७२ मध्ये डेमॉक्रॅटिक पक्षाच्या वतीने दिवाणी दावा त्याच्याच संस्थेने दाखल केला. पक्षकार निवडताना त्याने राजकीय निष्ठा पाहिल्या नाहीत. गुन्हेगारांची बाजू घेतो म्हणून त्याच्यावर टीका झाली, तशी ती भारतात राम जेठमलानी (१९२३–२०१९) यांच्यावरही झाली. भारतीय वकील परिषदेचा नियम याबाबत निःसंदिग्ध आहे : आरोपीच्या दोषाविषयी स्वतःचे मत काहीही असले, तरी वकिलाने त्याचा बचाव करावयाचा असतो. मात्र खोटा पुरावा निर्माण करण्यास वा दडविण्यास साह्य करणे यात येत नाही. पक्षकाराने वकिलास सांगितलेली गोष्ट गोपनीय असते; बेकायदेशीर हेतू साधण्यासाठी घेतलेला सल्ला तसा नसतो. तपासयंत्रणांनी वकिलांनाच समन्स काढण्याचा प्रकार घडल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये या अधिकारास मर्यादा घातल्या.

तडजोडीने प्रकरण मिटविण्याचे मार्ग भारतात अरुंद आहेत. आरोप कबूल करून सौम्य शिक्षा घेण्याची पद्धत २००६ पासून कायद्यात आली, पण ती फारशी रुजली नाही. पक्षकारांत समेट झाल्यास व्यापारी स्वरूपाचा गुन्हा उच्च न्यायालय रद्द करू शकते, असे २०१२ मध्ये ठरले. सार्वजनिक पैशाला वा अर्थव्यवस्थेला झळ पोहोचविणारे गुन्हे २०१७ मध्ये त्यातून वेगळे काढण्यात आले. सेबीपुढे मात्र पैसे भरून प्रकरण मिटविता येते.

शुल्काचा प्रश्नही या वकिलीत कायद्याचाच प्रश्न बनतो. निकालावर अवलंबून ठरणारे शुल्क भारतात निषिद्ध आहे. आरोपीची सर्व मालमत्ता गोठविली असेल, तर वकिलास पैसे कोठून द्यावयाचे? १९९२ च्या अधिनियमाखाली अधिसूचित व्यक्तींना त्यासाठी विशेष न्यायालयाकडेच अर्ज करावा लागे. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये, गुन्ह्यातून आलेला पैसा वकिलाच्या शुल्कासाठीही राखून ठेवता येणार नाही, असे ठरविले. त्या प्रकरणात अर्जदार वकिलांची एक संस्थाच होती. २०१६ मध्ये त्या न्यायालयाने याची दुसरी बाजू मान्य केली : ज्या मालमत्तेचा गुन्ह्याशी संबंध नाही, ती खटल्यापूर्वी गोठवून आरोपीस स्वतःच्या पसंतीचा वकील नेमण्यापासून वंचित करता येत नाही. भारतातील मनी लाँडरिंगच्या कायद्यात गुन्ह्याची मिळकत परदेशी असल्यास वा सापडत नसल्यास तेवढ्याच किंमतीची दुसरी मालमत्ताही जप्त करता येते. अशा मालमत्तेतून बचावाचा खर्च भागविण्याची स्वतंत्र तरतूद त्या कायद्यात नाही.